संगं यायचं कलम

मागच्या हिवाळ्यात मी मरता मरता वाचलो, असं मी सांगतो. आमच्या घरचे लोक तोच प्रसंग जरा वेगळा सांगतात.

झालं असं, की एका मित्राच्या शेतात रोडग्यांचा कार्यक्रम होता. गोवऱ्यांच्या आरात भाजलेला कणकेचा रोडगा, त्यावर तुपाची धार आणि बाजूला वांग्याची तिखटजाळ भाजी, एवढं समोर आलं की मला माझं वय आठवत नाही. वाढणाऱ्यानं तरी आठवावं, तर तो निघाला माझा जुना विद्यार्थी. मी कधीकाळी मराठीत त्याचे मार्क कापले होते, त्याचा वचपा त्यानं तूप वाढून काढला. शहरात, राजापेठेतल्या घरी पोचलो आणि छातीत कळ आली. मी सोफ्यावर आडवा झालो. बायकोचा हात हातात घेतला, मुलीला संसाराच्या दोन गोष्टी सांगितल्या, जावयाला उदार मनानं माफ केलं. शेजाऱ्यांनी मला उचललं आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेऊन टाकलं. तिथे कुणी नावसुद्धा विचारलं नाही. छातीला तारा लावल्या, मशीनमधून पट्टी निघाली. डॉक्टरनं आधी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे.

"काय खाल्लं?"

"रोडगे."

"किती?"

"ते मोजत नाहीत डॉक्टर," बायको म्हणाली.

एक गोळी, एक ढेकर, आणि मी खडखडीत बरा. जावयाला दिलेली माफी मात्र परत घेता आली नाही.

बाहेर पडताना फाटकात एक काळीपिवळी जीप येऊन थांबली. मेळघाटाकडून आली होती. मागच्या बाकावर एक बाई आडवी, तिचं डोकं एका म्हाताऱ्याच्या मांडीवर. दवाखान्यातला माणूस धावत गेला. "कुठून आणलं?"

"तालुक्यावरून पुढं न्या म्हन्ले," म्हातारा म्हणाला.

"संगं कोन हाय?"

म्हाताऱ्यानं स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. बाईला आत नेलं. मी रोडग्यानं तुडुंब भरलेलं पोट घेऊन तिथेच उभा राहिलो, आणि मला तायडे वकीलबाई आठवल्या. आठवल्या म्हणणंही खरं नाही. हे दृश्य बघायला त्या शेजारी उभ्या नाहीत, हे जाणवलं.

वत्सला तायडे आमच्या घराला लागून राहायच्या. दोन घरांच्या मध्ये छातीएवढी भिंत. संध्याकाळी कोर्टातून आल्या की काळा कोट अंगात, गळ्यातली पांढरी पट्टी तशीच, आणि हातात उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं ताट. ते ताट भिंतीवर ठेवायचं, शेंगा सोलायच्या आणि हाक मारायची, "सर, वहिनी, या बरं जरा. एक कलम आयका."

लोक शेजाऱ्याला बोलावून पिक्चरची स्टोरी सांगतात, सुनेची तक्रार सांगतात. वकीलबाई कलमं ऐकवायच्या. त्या एक कायदा लिहीत होत्या. नोकरी म्हणून नव्हे, कुणी सांगितलं म्हणून नव्हे. खेड्यातल्या माणसाला अचानक काही झालं, साप चावला, बाळंतीण अडली, अपघात झाला, तर त्याला वेळेत इलाज मिळणं हा त्याचा हक्क असावा, असा कायदा. मी ओळखायला लागलो तेव्हापासून त्या तो लिहीतच होत्या. दिवसा त्या वाटण्यांचे आणि खावटी-पोटगीचे दावे लढायच्या, आणि संध्याकाळी भिंतीवर महाराष्ट्राचं सरकार चालवायच्या.

कायद्याचं जाऊ द्या, त्यांच्या सवयीसुद्धा त्याच वळणाच्या होत्या. त्यांची स्कूटी नेहमी तोंड रस्त्याकडे करून उभी असायची. माझी गाडी मी भिंतीत नाक खुपसून, कुंड्यांच्या मागे कोंबायचो. ते पाहिलं की त्या कळवळायच्या. "काहून हो सर, वक्त आला तर हे गाडी काढासाठी काय क्रेन बोलावसान?" कुणीही नवा माणूस भेटला की त्या आधी गाव विचारायच्या आणि लगेच दुसरा प्रश्न, "तुमच्या गावात अडीअडचणीले गाडी कोन काढते?" माणसाचं आडनाव त्या विसरायच्या, पण हे उत्तर कधी विसरायच्या नाहीत. आमच्या मुलीला पाहायला अकोल्याचे पाहुणे आले, तेव्हा वकीलबाई शेजारधर्म म्हणून येऊन बसल्या होत्या. मुलाच्या वडिलांना त्यांनी हाच प्रश्न केला. ते बिचारे गांगरले. त्यांना वाटलं, हुंड्यातल्या गाडीची चौकशी चालली आहे. "आमाले काई नको बाप्पा," असं ते घाईघाईनं म्हणाले. लग्न तिथेच ठरलं. त्या वाक्यावर मी अजून जावयाला धरून आहे.

मी कॉलेजात मराठी शिकवायचो. तेव्हा साहजिकच मला वाटलं, की या बाईंच्या मसुद्याला माझ्या भाषेची गरज आहे. मी आपणहून ते काम अंगावर घेतलं आणि त्यांची साधी वाक्यं अशी काही सजवली, की 'उपरोक्त आस्थापनेने रुग्णास प्राथमिक उपचारोत्तर अग्रेषित करणेकामी' असं सुरू झालेलं वाक्य श्वास न घेता पान ओलांडून जायचं. वकीलबाईंनी ते वाचलं, चांगलं म्हणाल्या, आणि मला सोबत घेऊन अकोटच्या एस.टी.त बसल्या. पुढे एका गावात बचत गटाच्या बायकांची बैठक होती.

त्यांची ही पद्धतच होती. कलम लिहिलं की ज्याच्यावर वेळ यायची त्याच्यासमोर ते मोठ्यानं वाचायचं, आणि मग त्यालाच म्हणायचं, "आता तुमी सांगा, का आयकलं ते." ऐकणाऱ्याला सांगता आलं नाही तर कलम फाडायचं. मी छान आवाजात, हातवारे करून माझं वाक्य वाचलं. बायका डोक्यावरचे पदर सारखे करून, मान खाली घालून शांत बसल्या. शेवटी एका आजीनं हळूच शेजारणीला विचारलं, "कोन गेलं वं?"

तिला वाटलं, मी कुणाच्या तरी तेराव्याचं काही म्हणतोय.

वकीलबाई इतक्या हसल्या, की त्यांना भिंतीला धरावं लागलं. मग डोळे पुसून त्यांनी आपलं जुनं कलम वाचलं. "जो दवाखाना पेशंटला पुढे न्या म्हणेल, त्या दवाखान्याचा एक जाणता माणूस गाडीत पेशंटसोबत बसेल, आणि पुढच्या दवाखान्याच्या हाती पेशंट दिल्याशिवाय परत फिरणार नाही."

"म्हंजे," आजी म्हणाली, "पुढं न्या म्हन्नाऱ्यानं संगं यावं."

"बस," वकीलबाई म्हणाल्या. "एवढंच."

पूर्ण कायद्यात बरंच काही होतं, गाड्या कुठे उभ्या राहाव्यात, औषधं कोणती असावीत, कोणत्याही दवाखान्यानं दारातून परतवून लावू नये. पण आमच्या गल्लीत तो कायदा 'संगं यायचं कलम' म्हणूनच ओळखला जायचा. बाकीची कलमं कुणी बदला म्हटलं तर त्या ऐकून घ्यायच्या. या एका कलमाला हात लावू द्यायच्या नाहीत.

त्याचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, तेही माझ्या बायकोला. दोघी भिंतीशी उभ्या होत्या आणि मी आत पेपर वाचत असल्याचं सोंग करत होतो. वकीलबाईंचं माहेर पातूरकडचं. त्या लॉ कॉलेजात शिकत असताना त्यांच्या धाकट्या बहिणीला, शोभाला, पऱ्हाटीत, कापसाच्या शेतात, साप चावला. तालुक्याला नेलं. तिथे म्हणाले, अकोल्याला न्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी हाकललं नाही. चांगल्या शब्दात म्हणाले.

"काळीपिवळीत तिचं डोकं माह्या मांडीवर होतं," वकीलबाई म्हणाल्या. "मले सारा कायदा पाठ होता वहिनी. पन तिले आडवं ठेवाव का बसवाव, पाय बांधाव का सोडाव, हे मले माईत नोतं. ते मले सारखी इचारे, 'ताई, आता का करू?' तिथं औषध नसन, मान्य हाय. पन ज्याले समजते असा एक मानूस गाडीत बसला असता, तर तिनं मले नसतं इचारलं."

वाचली असती असं त्या म्हणाल्या नाहीत.  बायको घरात आली आणि तिनं माझ्या हातातला पेपर सरळ करून दिला. मी तो उलटा धरला होता.

वकीलबाई डॉक्टरांवर डूख धरून असतील असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. अकोट माझी सासुरवाडी. तिथल्या एका तरुण डॉक्टरशी माझी ओळख होती, म्हणून मी त्यांना त्याच्याकडे नेलं. कलम ऐकून तो खुर्चीतून उठलाच. "मॅडम, मी इथे एकटा आहे. एका पेशंटसोबत मी अकोल्याला गेलो, तर बाकीच्यांना कुणी बघायचं? आणि वाटेत काही झालं, तर माझ्या काचा कोण फोडणार ते मला आजच ठाऊक आहे."

मला वाटलं, आता कोर्टातली वकीलबाई बघायला मिळणार. त्या फक्त म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, चाय मांगवा. अन् हे तुमी आता बोलले ना, ते पुन्हा एकडाव सावकाश बोला."

त्या दिवशी त्यांनी अर्धा कायदा नव्यानं लिहिला. सोबत जायला वेगळी नर्स सरकारनं द्यावी, गाडी सरकारची असावी, आणि चांगल्या मनानं इलाज करणाऱ्या डॉक्टरला पेशंट दगावला म्हणून कुणी त्रास देऊ नये. हे शेवटचं कलम त्यांनी त्यांच्या माहेरच्या वस्तीतल्या बुद्धविहारात वाचलं, तेव्हा त्यांचे सख्खे चुलत भाऊ भडकले. "वत्सला, तू आपल्या बाजूनं हायेस का डॉक्टराईच्या?"

"मी गाडीतल्या मानसाच्या बाजूनं हाय दादा," त्या म्हणाल्या. "डॉक्टर भ्यायला तर त्याले इलाज कोन करन, तू?"

आता कायदा म्हणजे काही संक्रांतीचं वाण नव्हे, लिहिला आणि वाटला. तो विधानसभेत कुणीतरी मांडायला हवा. वकीलबाई दर हिवाळ्यात, अधिवेशन नागपूरला भरलं की मसुद्याची पिशवी घेऊन जायच्या आणि पिशवी घेऊन परत यायच्या. शेवटी आमच्या भागातले एक आमदार त्यांच्या तावडीत सापडले. नाव सांगत नाही, कारण ते अजून लग्नाकार्यात मला ओळख देतात. अशाच एका लग्नात ते जेवणाच्या रांगेत ताट धरून उभे होते. मागे वकीलबाई. माणूस ताट टाकून पळू शकत नाही, हे वकीलबाईंनी बरोबर हेरलं होतं. मठ्ठ्यापर्यंत पोचेतो आमदारांना संगं यायचं कलम तोंडपाठ झालं. पण माणूस वाईट नव्हता. त्यानं ते खरंच अशासकीय विधेयक म्हणून दिलं, आणि पुढच्या एका हिवाळी अधिवेशनात ते चर्चेला लागलं.

मी आणि वकीलबाई नागपूरला गेलो. त्यांनी त्या दिवशी कोट घातला नव्हता. पांढरं लुगडं, नवी चप्पल. प्रेक्षकांच्या गॅलरीत त्या इतक्या ताठ बसल्या होत्या, की मागच्या माणसाला काही दिसेना. आमदार उभे राहिले. अडखळले, खाकरले, आणि मग एकदम खणखणीत आवाजात म्हणाले, "अध्यक्ष महोदय, आमच्याकडच्या आयाबायांचं म्हणणं एवढंच आहे, की जो पुढे न्या म्हणतो, त्यानं सोबत यावं."

मी टाळ्या वाजवल्या.

गॅलरीत टाळी वाजवायची नसते, हे प्रवेश देताना सांगितलं होतं. पण अकोटजवळच्या त्या आजीचं वाक्य त्या छताखाली ऐकू आलं, आणि माझे हात माझे राहिले नाहीत. गणवेशातला एक सभ्य माणूस आला, त्यानं माझ्या दंडाला हात लावला, आणि मी बाहेर. त्यामुळे पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही. फाटकाबाहेर एका झाडाखाली संत्री सोलत बसलो. मनात म्हणत होतो, झाला, आपला कायदा झाला. वकीलबाईंसाठी चांगली गोड बघून चार फोडी बाजूला काढून ठेवल्या.

त्या आल्या त्या हळूहळू आल्या. नवी चप्पल चावत असावी.

"काय झालं?"

"मागं घेतलं."

"कुणी?"

"ज्याईनं मांडलं त्याईनंच. मंत्रीसाहेब उभे राह्यले. चांगलं बोल्ले हो. म्हन्ले, भावना लय चांगली हाय. सरकार सर्वंकष कायद्याचा इचार करून राह्यलं, तवा सदस्यानं हे मागं घ्यावं. सदस्यानं घेतलं."

"मग चांगलंच आहे की," मी म्हणालो. माझ्यासारखा माणूस अशा वेळी असंच काहीतरी म्हणतो. "सरकारच मोठा कायदा आणणार."

त्यांनी माझ्या हातातली संत्र्याची फोड घेतली. खाल्ली नाही, नुसती धरून राहिल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "मलेबी 'पुढं न्या'च म्हन्ले, सर. चांगल्या शब्दात म्हन्ले. संगं कोनी नाही आलं."

परतीच्या प्रवासात त्यांनी एकही कलम ऐकवलं नाही.

त्यानंतर त्यांनी वकिली आवरती घेतली आणि त्या पातूरला दोन खोल्या घेऊन राहायला गेल्या. आमदार बदलले की नव्या आमदाराला मसुदा द्यायचं काम चालूच होतं. पण त्याच्या जोडीनं त्यांनी एक नवीनच उद्योग काढला. एका निवृत्त नर्सबाईंकडे जाऊन त्या शिकल्या. स्वतः साठी उलटलेली बाई. श्वास कसा बघायचा, रक्त कसं दाबून धरायचं, अडलेल्या बाळंतिणीला कोणत्या कुशीवर झोपवायचं. आणि मग त्या भागातल्या दवाखान्यांना त्यांनी सांगून ठेवलं, की एखाद्याला अकोल्याला पाठवताय आणि सोबत जाणता माणूस नाही, तर मला फोन करा. मी जाईन.

मी फोनवर त्यांना म्हणालो, "वकीलबाई, हे सरकारचं काम आहे. असं एकटं किती जणांसोबत जाल?"

"कायदा होयेपर्यंत लोकं दुखनं थांबवून ठेवतीन काय, सर?" त्या म्हणाल्या. "कायदा व्हाले पाह्यजे, तो मी सोडला नाही. पन मीच लिवलेलं कलम मीच पाळाव, याले तं कोनाची मंजुरी नाही लागत ना?"

त्या गेल्या त्याला आता काही पावसाळे झाले. झोपेत गेल्या, कुणाला गाडी काढायला लावली नाही. राजापेठेतल्या त्यांच्या घरात आता ट्यूशन क्लास आहे. अंगणात मुलांच्या गाड्या भिंतीत नाकं खुपसून एकीवर एक लागलेल्या असतात. हिवाळ्यात बाजारात तुरीच्या शेंगा आल्या की ही घेऊन येते, उकडते. आम्ही आमच्या घरात बसून खातो. भिंतीशी उभं राहून खायला काही हरकत नाही, पण दोघांपैकी कुणी तिकडे जात नाही. संध्याकाळी पलीकडून पोरांचा गणिताचा गलका येतो, आणि मी उगाच कान देऊन बसतो. "सर, एक कलम आयका," असं कुणी म्हणणार नाही, हे माहीत असून.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या पातूरला. आम्ही दोघं दुपारच्या एस.टी.नं गेलो होतो. हिनं डब्यात पाटवड्या करून घेतल्या होत्या. घरी कुलूप. शेजारचे म्हणाले, दवाखान्यात गेल्या. तिकडे गेलो तर फाटकात गाडी सुरू होऊन उभी. आत एक कोवळी पोरगी कळा देत होती, तिची सासू रडत होती, आणि वकीलबाई पदर खोचून मागच्या दारानं चढत होत्या. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"अवं माय! सर, वहिनी! आता येऊन राह्यले का? घरी बसजा, चाय घेजा, चावी बाजूच्या घरी हाय. मी आलीच."

दार लागलं. मागच्या काचेतून त्यांची पाठ दिसत होती. त्या पोरीच्या तोंडाजवळ वाकून त्या काहीतरी बोलत होत्या, सारख्या बोलत होत्या. पोरगी मान हलवत होती. गाडी वळणावर गेली, तरी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहायचं कारणच नव्हतं.

आम्ही त्यांच्या खोलीत चहा करून घेतला. पाटवड्यांचा डबा झाकून ठेवला. वाट पाहिली. अकोल्याहून त्या लवकर परत येणार नव्हत्या हे आम्हाला कळत होतं, पण 'आलीच' म्हणाल्या होत्या. शेवटी चावी बाजूच्या घरी देऊन आम्ही एस.टी. धरली. मी वाटेत बरंच काही बोललो, वकीलबाईंच्या तब्येतीबद्दल, त्यांच्या वयाबद्दल, असं एकटीनं धावणं बरं नव्हे याबद्दल. ही खिडकीतून बाहेर बघत होती. मूर्तिजापूर मागे पडलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"गाडीत अजून एकाची जागा होती."